तिसरं अर्थिंग

"सही करा, ढगे. तुमचं काहीच जात नाही," सरनाईक साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

कागदावर दोन-तीन ओळी होत्या. 'मयत कामगार रियाज मणेर याने दोन्ही अर्थिंग एकाच वेळी काढून सुरक्षा नियमाचा भंग केला. सबब सदर अपघात त्याच्या स्वतःच्या चुकीने घडला.' खाली माझं नाव, मुरलीधर ढगे, लाईन गँगचा फोरमन, आणि सहीची रिकामी जागा. रियाजला माती देऊन अकरा दिवस झाले होते. माणूस गेला तरी ह्यांचं भागलं नव्हतं, आता त्याचं नावही पुरायचं होतं.

"वाचतो आणि सांगतो," मी म्हणालो.

"एवढंसं वाचायला किती वेळ लागतो हो? शुक्रवारी चौकशी आहे." मग साहेबांनी आवाज खाली आणला. "आणि कांचनचा विचार करा. बटण तिनं दाबलंय. हा कागद असाच गेला तर तिच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही."

कांचन माझी मुलगी. कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये इंजिनिअर. आमच्या बालाघाटच्या डोंगरातल्या बारा लाईनी तिच्या पडद्यावर असतात. त्या दिवशी पाळी तिची होती. अकरा दिवस आम्ही एका घरात राहून एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो. आपलेच दात नि आपलेच ओठ, चावायचं कुणाला?

कागद घडी करून मी खिशात घातला आणि उठलो. साहेब मागून म्हणाले, "चार महिन्यांनी रिटायर होताय. उगाच डोकं फिरवून घेऊ नका."

डोकं तर कधीच फिरलं होतं.

हे सगळं नीट कळायचं तर आधी ते यंत्र सांगावं लागेल.

मोठ्या लाईनीत बिघाड होतो म्हणजे काय, तर कुठंतरी तारेतली वीज उडी मारून जमिनीत जाते. फांदी टेकते, इन्सुलेटर तडकतो, खाली उसाच्या पाचटाला आग लागली की धुरातून ठिणगी उतरते. सबस्टेशनात ब्रेकर पडतो आणि पाचपन्नास गावं बसतात अंधारात. पूर्वी आम्ही पायी निघायचो, एकेक टॉवर खालून बघत. डोंगर, नाले, काटे, आणि वर साहेबाचा फोन, "सापडला का?" अरे बाबा, तो काय हरवलेला रेडा आहे, हाक मारली की यायला!

पण बिघाड होतो त्या क्षणी तारेतून दोन्ही दिशांना एक लाट सुटते. ती जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळते. सेकंदाचे दहा लाख तुकडे करा, त्यातल्या एका तुकड्यात ती तीनशे मीटर जाते, म्हणजे साधारण ह्या टॉवरपासून त्या टॉवरपर्यंत. लाईनीच्या दोन्ही टोकांना उपग्रहावरून वेळ घेणारी घड्याळं बसवायची. लाट कुठल्या टोकाला आधी पोचली आणि किती आधी, ह्या फरकावरून बिघाडाची जागा निघते. ही युक्ती जुनीच, फक्त एकदोन टॉवरचा घोळ व्हायचा. २०३६ साली कंपनीनं 'अचूक' नावाचं नवं यंत्र आणलं, ते हातभर अंतरापर्यंत जागा सांगायला लागलं. टॉवर १४७, मधली तार, इन्सुलेटरची चौथी डिस्क. वर चढून बघावं तर खरंच तिथं तडा.

त्याची दुसरी करामत ह्याहून मोठी. लाईन बंद असली तरी ते तारेत स्वतःचा बारीक ठोका सोडतं आणि परत काय येतं ते ऐकतं. विहिरीत ओ दिली की ओ परत येते, तसं. तार जिथं जमिनीला जोडलेली असेल तिथून ठोका उलटा होऊन परत येतो. म्हणजे बंद लाईनवर आम्ही कुठं काय लावलंय, हे त्याला पन्नास कोसांवर बसून दिसतं. गँगमध्ये त्याला कुणी अचूक म्हणत नसे. आम्ही म्हणायचो चुगल्या.

बंद लाईनवर आम्ही लावतो ते अर्थिंग. तांब्याची जाड वायर, एक टोक तारेला, दुसरं जमिनीला. लाईन बंद आहे म्हणून वर चढलात आणि तिकडं कुणी गाढवानं ती चालू केली, तर वीज अर्थिंगमधून जमिनीत जाते आणि ब्रेकर पुन्हा पडतो. कामाच्या जागेच्या अलीकडे एक, पलीकडे एक, अशी दोन. नियम दोनच सांगतो. पुढच्या टॉवरकडे सरकायचं तर एकेक काढून एकेक पुढं लावायचं, हेही नियमच सांगतो. चढा, उतरा, चढा, उतरा. वरच्या खुर्चीत बसून लिहायला काय जातं?

मी फोरमन झालो त्या वर्षी शेजारच्या गँगचा एक माणूस दोन्ही अर्थिंग हलवताना गेला. तेव्हापासून मी आमच्या गँगला एक रीत लावली. कागदावर दोन, तारेवर तीन. तिसरं अर्थिंग मी माझ्या हातानं थोडं लांबच्या टॉवरवर लावायचो, सगळ्यात आधी. आणि काढायचो सगळ्यात शेवटी, सगळी माणसं खाली उतरून मी डोकी मोजल्यावर. ते कुठल्याच कागदावर नसायचं. मधे कितीही टॉवर बदला, पोरं दोन्ही अर्थिंग एकदम काढून पुढं पळायची, कारण मामांचं, म्हणजे माझं, तिसरं आहे. काम झटझट व्हायचं आणि लाईनीचा जमिनीशी धागा कधी तुटायचा नाही. बावीस वर्षांत माझ्या गँगमधला एक माणूस गेला नाही.

चुगल्या आला आणि त्यानं हे बघितलं. तीन वर्षं बघितलं. आणि त्याच्या लक्षात आलं की दोन जोड गेले तरी एक राहतो आणि काम चालू असतं. तो शेवटचा गेला की काम संपलेलं असतं. दर वेळी. मग त्यानं स्वतःच ठरवून टाकलं, तारेवर एकही अर्थिंग नाही म्हणजे माणसं खाली. पूर्वी काम संपलं की मी कंट्रोल रूमला फोन करायचो, "सगळे खाली, परमिट परत." समोरचा माणूस माझे शब्द परत म्हणून दाखवायचा आणि मगच लाईन चालू व्हायची. साहेबांच्या लक्षात आलं की फोनच्या आधीच यंत्र तेच सांगतंय आणि एकदाही चुकलेलं नाही. फोन बंद. परमिट, म्हणजे कामाची परवानगी, परत करायचा कागदही बंद. यंत्र विचारणार, वीस सेकंदांत कांचननं होकार द्यायचा, लाईन चालू. साहेबांना ढाल मिळाली बक्षीस, शाल मिळाली, पेपरात फोटो आला.

आणि मग मार्च महिन्यात त्याच साहेबांनी परिपत्रक काढलं. परमिटमध्ये नसलेलं अर्थिंग लाईनवर लावल्याचं 'अचूक'ला आढळलं आहे, यापुढे आढळल्यास फोरमनला निलंबित करण्यात येईल. खाली माझ्या गँगचा नंबर. ते फिरत फिरत माझ्या हातात पडलं सोळा एप्रिलला.

पेन्शन डोळ्यांसमोर आली हो. खोटं कशाला बोलू? चार महिने राहिले होते. सतरा एप्रिलला सकाळी गाडीतून सामान उतरवताना मी पोरांना म्हणालो, "आज तिसरं नाही. कागदावर आहे तेवढंच."

रियाज हसला. चौतीस वर्षांचा गडी, दहा वर्षं माझ्या हाताखाली. "मामा, म्हातारपणी नियम पाळायला लागलात?"

"गप चढ," मी म्हणालो.

१४७ वरची तडकलेली डिस्क बदलून झाली. अकरा वाजले होते, ऊन कडक होतं आणि पुढचं काम १५१ वर होतं. मी खाली उभा राहून ओरडलो, "काढा रे दोन्ही! पुढं चला!" बावीस वर्षं जसा ओरडत आलो, तसाच ओरडलो. तोंडातून गेलं. तिसरं नाही हे मीच सकाळी सांगितलेलं, मीच विसरलो. १४६ वरच्यानं एक काढलं, १४८ वर रियाजनं दुसरं काढलं. तो खाली येणार एवढ्यात त्याला वर एक पिन सैल दिसली, म्हणून त्यानं हात लांब केला.

पन्नास कोसांवर यंत्रानं ऐकलं. अर्थिंग शून्य. म्हणजे माणसं खाली. त्यानं माझ्या लेकीला विचारलं आणि माझ्या लेकीनं हो म्हटलं.

पुढचं मी सांगणार नाही. ज्यानं बघितलंय त्याला सांगवत नाही.

सरनाईकांकडून घरी आलो तर दुपारचे दोन वाजले होते आणि कांचन स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. हातात टॅब्लेट. अकरा दिवसांत वाळून अर्धी झाली होती पोरगी.

"अण्णा, चारशे बारा," ती म्हणाली.

"काय चारशे बारा?"

"तुमचं तिसरं. तीन वर्षांत चारशे बारा कामांत ते होतं. प्रत्येकाची जागा, लावल्याची वेळ, काढल्याची वेळ, सगळं यंत्रात आहे. आम्हाला पडद्यावर नुसता 'काम संपले' एवढाच निकाल दिसायचा. यंत्र तो कशावरून काढतं हे मी काल खणून काढलं." तिनं पडदा माझ्यापुढे धरला. हिरव्या ठिपक्यांची रांगच्या रांग. "ते तुमच्यावरून शिकलंय. तुम्ही कधी चुकला नाहीत म्हणून ते कधी चुकलं नाही. सतरा तारखेला तिसरं नव्हतं. का नव्हतं?"

माझा तोल गेला. "मला विचारतेस? मला? तू बटण दाबलंस! फोन का नाही केलास? माझा नंबर पाठ आहे ना तुला? बाप खाली उभा आहे, त्याला एक फोन करायला काय हात मोडले होते?"

"फोन केला तर उशीर माझ्या नावावर लागतो! तीन उशीर झाले की मेमो!" ती पण ओरडली. "तीन वर्षं ते बरोबर होतं, अण्णा. चारशे बारा वेळा बरोबर! मी माणूस आहे, मला नाही वाटलं की आजच…" तिनं टॅब्लेट ओट्यावर पालथा घातला. "रियाजभाई आपल्या ओसरीत बसून जेवायचे. मला गाडी त्यांनी शिकवली. तुम्हाला वाटतं मला झोप येते?"

मी पाटावर बसलो. आणि सगळं सांगितलं. परिपत्रक, पेन्शन, आज तिसरं नाही, आणि माझी ती आरोळी. आरोळीचं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. गँगमधल्या पोरांना माहीत होतं, पण माझ्याकडे बघून ती गप्प होती.

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. मग म्हणाली, "मग रियाजभाईंनी नियम मोडला नाही. तुमचा हुकूम पाळला."

"होय."

"कागद दाखवा."

तिनं तो वाचला. "ह्यावर सही करणार तुम्ही?"

"नाही केली तर तुझी नोकरी जाते."

"जाऊ दे खड्ड्यात!" ती म्हणाली. "एक तारखेपासून हे यंत्र राज्यभर लागतंय. आणखी किती गँगांमध्ये अशीच कुठली तरी न लिहिलेली रीत असेल, ती बघून यंत्र काय काय शिकलं असेल, आणि ती रीत ज्या दिवशी मोडेल त्या दिवशी कोण वर असेल, हे सरनाईकांना माहीत आहे का?"

सरनाईकांना शाल माहीत होती.

शुक्रवारी चौकशीला बाहेरून बोलावलेल्या देवस्थळी बाई अध्यक्ष होत्या. निवृत्त इंजिनिअर, सत्तरीच्या, आवाज बारीक पण नजर धारदार. समोरच्या खुर्च्यांवर मी, कांचन, सरनाईक साहेब, आणि कोपऱ्यात रियाजची बायको नसीमा. घरच्या माणसाला बसायचा हक्क असतो म्हणून ती आली होती. काळी ओढणी, हात मांडीवर, डोळे कोरडे.

साहेबांनी सुरुवात केली. मयत कामगार, दोन्ही अर्थिंग, नियम क्रमांक अमुक. बोलत होते तेही नाकानं कांदे सोलल्यासारखं.

"ढगे, तुमची ह्यावर सही नाही," देवस्थळी बाई म्हणाल्या.

"नाही आणि होणारही नाही." मी उभा राहिलो. "त्या दिवशी माझं तिसरं अर्थिंग नव्हतं, तरी दोन्ही काढा असं मी सांगितलं. खालून ओरडून सांगितलं. त्यानं ऐकलं म्हणून तो मेला. चूक लिहायची तर माझ्या नावापुढे लिहा. मेलेल्याच्या माथी मारू नका, त्याला बोलता येत नाही!"

कोपऱ्यात नसीमानं मान वर केली. मी तिकडं बघितलं नाही.

साहेब गडबडले. मग सावरले. "मॅडम, हे भावनेच्या भरात बोलतायत. तिसरं अर्थिंग वगैरे असलं काही कुठल्याही कागदात नाही."

"कागदात नाही, यंत्रात आहे," कांचन म्हणाली आणि तिनं टॅब्लेट टेबलावर ठेवला. चारशे बारा ठिपके. प्रत्येकाला जागा, प्रत्येकाला वेळ.

देवस्थळी बाईंनी चष्मा लावला. एकेक ओळ बोट ठेवून वाचत राहिल्या. पंखा फिरत होता. सरनाईक घाम पुसत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे हेच सिद्ध झालं ना, की ह्या माणसानं चारशे बारा वेळा नियम मोडला?"

"मोडला!" मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा पेला आडवा झाला. "चारशे बारा वेळा मोडला आणि चारशे बारा वेळा माझी माणसं संध्याकाळी घरी जेवली! एकदा पाळला. तुमच्या कागदाला भिऊन एकदाच पाळला, साहेब, आणि पोरगा गेला माझा!"

"बसा, ढगे," बाई हळू म्हणाल्या. मग समोरच्या फायलीतलं परिपत्रक उचलून साहेबांकडे वळल्या. "हे जादा अर्थिंग तुम्हाला मार्चमध्येच माहीत होतं. त्यावर तुम्ही परिपत्रक काढलंत. ते अर्थिंग आता बंद होणार, हे यंत्राला शिकवलं का? ते कशावर भरवसा ठेवून काम संपलं म्हणतं, हे कुणी तपासलं का?"

साहेब फायलीची पानं उलटू लागले.

"तपासलं का?"

"मॅडम, ते काम यंत्र बनवणाऱ्यांचं…"

"म्हणजे नाही."

तेवढ्यात नसीमा उभी राहिली. तिला बोलायची परवानगी कुणी दिली नव्हती आणि तिनं मागितलीही नाही.

"मला त्या यंत्रातलं काही कळत नाही," ती साहेबांना म्हणाली. "मला एवढंच सांगा. आधी मामा फोन करायचे, आणि मगच लाईन चालू व्हायची. तो फोन का बंद केला?"

"त्यानं… त्यात प्रत्येक कामामागे सरासरी सहा मिनिटं वाचत होती."

"सहा मिनिटं कुणाची?"

साहेबांनी तोंड उघडलं. बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, टेबलावर पसरलेल्या पाण्याकडे बघितलं. नसीमा खाली बसली.

देवस्थळी बाईंनी 'स्वतःच्या चुकीने' ह्या शब्दांवर आमच्यासमोर काट मारली. फोरमनचा चुकीचा हुकूम, न तपासलेलं यंत्र आणि बंद केलेला फोन, अशी तीन कारणं त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली. माणसाचा फोन आल्याशिवाय कुठल्याही लाईनीला यंत्राच्या सांगण्यावरून हात लावायचा नाही, असा आदेश तिथल्या तिथं काढला. नसीमाला कंपनीत रियाजच्या जागी घ्यायचं, हेही त्यात होतं. संध्याकाळच्या आत मला आणि कांचनला निलंबनाचे कागद मिळाले. सरनाईकांची बदली झाली, तीही बढतीवर. कुंपणानं शेत खाल्लं तरी कुंपणाला कोण उपटतो?

पण हे संध्याकाळचं. त्याआधी, चौकशी संपून बाहेर आलो तेव्हा नसीमा फाटकाजवळ रिक्षाची वाट बघत उभी होती. कांचन तिच्याजवळ गेली, तिचा हात धरून उभी राहिली, आणि नसीमानं तो सोडवला नाही. ते बघून मला धीर आला. मीही गेलो. वाटलं, रियाजचं नाव धुतलं गेलंय, आता हिच्यापुढे मान वर करता येईल.

"मामा, खरं बोललात," नसीमा म्हणाली. "दुसरा कुणी बोलला नसता. माझ्या पोरांना उद्या कुणी म्हणणार नाही की तुमचा बाप स्वतःच्या चुकीनं मेला. हे मी विसरणार नाही."

"अगं, माझं कामच…"

"पण आता माझ्या दारात येऊ नका." तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही आत सांगितलंत ना, कसं ओरडलात ते? काढा दोन्ही, पुढं चला. त्यानं शेवटचं ऐकलं ते हेच. आता तुम्ही काहीही बोललात तरी मला तेवढंच ऐकू येतंय."

रिक्षा आली. बावीस वर्षं टॉवरखाली उभा राहून ओरडत आलेला माणूस मी. तिला सांभाळून जा म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटून घेतलं.